तिकिटाचा काळा कागद

तोक्तोबूबूची भीती तिच्याइतकीच जुनी आहे. तिच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून चौथी जन्मली तेव्हा आईने नाव ठेवलं तोक्तोबूबू; तोक्तो म्हणजे थांब. थांबली बिचारी. पण लहानपणी घरातलं प्रत्येक माणूस तिच्या नाकाशी बोट धरून श्वास चाललाय का ते बघायचं, ते तिच्या अंगात मुरलं ते मुरलंच. आता पन्नाशी उलटली तरी दार वाजलं की तिचा हात आधी छातीवर जातो आणि मग कडीवर.

मी कुमुश. डोंगरातल्या आमच्या नारीन शहरात सरकारी सेवा केंद्रासमोर लोखंडी कंटेनरांची रांग आहे. त्यात माझं चहा आणि मटणाच्या सामशांचं, म्हणजे तंदुरात भाजलेल्या समोशांचं, दुकान, आणि मधला पत्रा सोडला की पलीकडे तिचं झेरॉक्सचं. पत्रा इतका पातळ आहे की ती तिकडे उसासली की इकडे माझा चहा गार होतो.

पूर्वी ती मेंढ्यांच्या सरकारी फार्मवर टायपिस्ट होती. तिथे कुणाच्या तरी नावात एक अक्षर चुकलं आणि एका टायपिस्टला डोंगरावर लोकर वेचायला पाठवलं. चूक हिची नव्हती, पण धसका हिने घेतला. पुढे फार्म मोडलं, कुणाच्या वाट्याला मेंढ्या आल्या, कुणाच्या वाट्याला गोठे आले, हिच्या वाट्याला टाइपरायटर आला. नवरा अल्माटीला कामाला म्हणून गेला तो गेलाच. मेला नाही, चांगला जाड झालाय असं ऐकते. राहिला एक मुलगा, बेकतूर. तो सायबेरियात लाकूडतोडीच्या छावणीवर. दर हिवाळ्यात आमच्या खोऱ्यात कुणाचा ना कुणाचा मुलगा तिकडून पेटीत घालून येतो. झाड अंगावर पडतं, नाहीतर शेकोटीचा धूर कोंडतो, नाहीतर रस्त्यात बर्फ गाठतं. तोक्तोच्या सगळ्या भीतींना नावं होती, पण त्या सगळ्या गोळा होऊन बसायच्या त्या बेकतूरच्या नावाखाली.

त्या पानगळीत रांगेत आवई उठली की तपासणी येणार. ज्याच्या कॉम्प्युटरवर चोरीचे प्रोग्राम सापडतील त्याचं यंत्र उचलून नेणार. आता खरं सांगायचं तर चोरीचे नसलेले प्रोग्राम रांगेत कुणाकडेच नव्हते. बाजारात सीडीची चकती मिळायची, ती घालायची, झालं. बाकीचे म्हणाले, येऊ दे, बघू. तोक्तोने मात्र दुकानाला आतून कडी लावून धंदा करायला सुरुवात केली. गिऱ्हाइकाने दार ठोकलं की आतून विचारायची, "कोण? एकटेच आहात का?"

"अगं बाई," मी पत्र्यावर थाप मारून म्हटलं, "झेरॉक्स काढतेस की दारू गाळतेस?"

शेवटी मीच शाळेतल्या एल्दियार मास्तरांना धरून आणलं. हे मास्तर मुलांना कॉम्प्युटर शिकवतात. टक्कल पडलेला, बायकोला घाबरून असणारा, पण भला माणूस. त्यांनी दुपारभर बसून चोरीचं सगळं पुसलं आणि दुसरे प्रोग्राम टाकले. त्यात एक होता कागद उघडून बघायचा आणि छापायचा. लोक फोनवर घेऊन येतात ते पासपोर्ट, दाखले, तिकिटं, सगळं त्याच्यात उघडायचं. तोक्तोचा अर्धा धंदा त्याच्यावर.

"मास्तर, किती द्यायचे?" तोक्तोने विचारलं.

"काही नाही, एजे." थोरल्या बहिणीला आम्ही एजे म्हणतो. "एक चहा पाजा."

"तुमचे नाही म्हणत मी. प्रोग्रामचे."

"त्याचेही नाहीत. फुकट आहे."

तोक्तोचा चेहरा उतरला. मी दारातूनच म्हटलं, "मास्तर, फुकटचं चीज फक्त उंदराच्या सापळ्यात असतं."

"कुमुश एजे, तुमचे सामसे फुकट नसतात, तरी माणूस फसतोच की."

"मग हा आहे कुणाचा?" तोक्तो काही सोडेना.

"सगळ्यांचा. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलाय आणि वाटून टाकलाय. वापरा, दुसऱ्याला द्या, कोणी विचारणार नाही."

"सगळ्यांचं म्हणून काही नसतं, मास्तर. फार्मसुद्धा सगळ्यांचंच होतं."

इतरांचं ठाऊक नाही, पण 'फुकट ते पौष्टिक' म्हणणारी जात आमची नाही. आमच्याकडे सुरीसुद्धा कुणी फुकट घेत नाही. देणाऱ्याच्या हातावर नाणं ठेवायचंच, नाहीतर ती घेणाऱ्यालाच कापते. शेजाऱ्याकडून ताट आलं तर ते रिकामं परत जात नाही. तोक्तोने नाणं काढून मास्तरांपुढे धरलं, ते घेईनात. तेव्हा तिने ते कॉम्प्युटरच्या डोक्यावर चिकटपट्टीने चिकटवून टाकलं.

"घ्या, दिलं," ती म्हणाली, पण आवाजात जीव नव्हता.

"असं करा," मास्तर म्हणाले, "वापरताना काही चूक सापडली तर मला सांगा. मी लिहिणाऱ्यांना कळवीन. तीच तुमची परतफेड."

"चूक सापडली तर मला शिक्षा नाही ना?"

"उलट आभार मानतील."

चूक दाखवली म्हणून आभार मानणारे लोक तोक्तोने आयुष्यात पाहिले नव्हते, मीही नाही.

तिची शिकवणी सुरू झाली म्हणजे माझीच सुरू झाली. नवीन काही करायचं असलं की पत्रा वाजायचा, "कुमुश एजे, जरा ये ना, हा काहीतरी विचारतोय." मी पिठाचे हात पुसत जायची. कळत मला ओ का ठो नव्हतं, पण शेजारी उभं राहायला काय कळायला लागतं? माऊसचं चाक फिरवलं की पान वर सरकतं. एक कळ दाबून धरून फिरवलं की अक्षरं मोठी होतात. छापायच्या आधी एक चौकट येते, तिच्यात कुठला प्रिंटर, कुठली पानं, किती प्रती, ते सांगायचं. पासपोर्टच्या दोन बाजू एकाच कागदावर घ्यायच्या तर तीही सोय आहे. हे सगळं तिला पंधरवड्यात जमलं. पण शेवटचं बटण दाबताना ती डोळे मिटायची. कागद बाहेर पडला की आधी एक डोळा उघडायची.

"बिस्मिल्ला म्हण आणि दाब," मी म्हणायची. "बोकड कापत नाहीयेस."

तपासणी काही आली नाही. आली असती तरी तिला धोका नव्हता. पण तिची भीती रिकामी बसणारी नव्हती. आता तिला वाटायचं, फुकट घेतलेलं कधीतरी वसूल होणार, आणि पैशांत होणार नाही.

मग हिवाळा सरता सरता, नौरोजच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या सणाच्या, थोडं आधी, बेकतूरचा निरोप आला. तीन वर्षांनी घरी येतोय, आजच निघतोय. बसचं तिकीट काढलंय, सायबेरियातून निघून कझाकांच्या माळावरून बिश्केकला, तिथून घरी. त्याने तिकिटाची फाइल पाठवली आणि, आईला आपा म्हणतो तो, फोनवर ओरडून म्हणाला, "आपा, छापून भिंतीला लाव! नाहीतर पुन्हा म्हणशील, पोरगा नुसता बोलतो."

ती माझ्या दुकानात आली ती नाचतच. बाईला हसताना दात किती छान दिसतात हे मला त्या दिवशी कळलं. "तू नको येऊस," ती म्हणाली, "हे मी एकटी छापणार."

मी तव्यावरचा कांदा परतत होते. पलीकडे प्रिंटर घरघरला. मग एक आवाज आला. ओरडणं नव्हे ते. माणसाच्या पोटात लाथ बसल्यावर निघतो तसा आवाज.

मी धावले. तोक्तो मागच्या पत्र्याला पाठ लावून उभी होती. जमिनीवर कागद पडला होता. काळा. वरपासून खालपर्यंत काळा, कडेला बोटभर पांढरी पट्टी तेवढी. ना नाव, ना तारीख, ना बसचा नंबर. शाईचा उबट वास दुकानभर पसरला होता.

आता हे बाहेरच्याला कळणार नाही. आमच्या खोऱ्यात असं घर नाही की जिथे आजी-आजोबांच्या वेळच्या मोठ्या लढाईत 'काळा कागद' आला नाही. मुलगा रणांगणावर पडला की सरकारकडून जो कागद यायचा, त्याला आमचे लोक काळा कागदच म्हणायचे. तोक्तोच्या आजीला दोन आले. माझ्या आजीला एक. आम्ही दोघी त्या कागदाच्या गोष्टी ऐकतच वाढलो. अजूनही कुणी पोराला काळ्या कागदावर चित्र काढू देत नाही.

"यंत्र आहे," मी म्हटलं. "बिघडलं असेल."

"पडद्यावर बघ," ती म्हणाली.

पडद्यावर तिकीट अगदी स्वच्छ होतं. बेकतूरचं नाव, बसची खूण, मागे कंपनीचा फिकट शिक्का, सगळं. पडद्यावर जिवंत आणि कागदावर काळा.

"परत दाबून बघू?"

"नाही!" तिने माझा हात धरला. "दोनदा विचारायचं नसतं, एजे. फुकट घेतलं ना मी. सुरी फुकट घेतली."

"अगं, नाणं चिकटवलंयस ना वर!"

"कुणाच्या हातावर ठेवलं? सांग ना, कुणाच्या हातावर ठेवलं?"

त्या कागदाचं काय करायचं हाही प्रश्नच होता. फाडायचा नाही, जाळायचा तर मुळीच नाही, कचऱ्यात टाकायचा तर कुणाच्या पायाखाली येईल. शेवटी मीच तो चिमटीत धरून माझ्या दुकानात आणला आणि पिठाच्या डब्यामागे उभा केला. सांगायला हरकत नाही, त्या दिवशी त्या डब्यातलं पीठ मी वापरलं नाही.

तिने बेकतूरला फोन लावला. बंद. संध्याकाळी लावला, बंद. दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानातल्या टीव्हीवर बातमी आली की माळावर वादळ सुटलंय, रस्ते बंद, गाड्या अडकल्यात. कुठल्या गाड्या, किती, काही नाही. मी आवाज कमी करायला धावले, पण पत्रा पातळ आहे.

रांगेत कुणाला सांगितलं नाही असं ती म्हणत होती. मीही सांगितलं नाही. एका मिठाईवालीला सोडून. दुसऱ्या दिवशी अख्खी रांग तिच्याशी हळू आवाजात बोलायला लागली. कुणी घासाघीस करेना. एकाने तर सुटे पैसे परत घेतले नाहीत, ते बघून ती अधिकच पांढरी पडली. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, आणि इथे तर चिंतायला सगळी रांग मदतीला होती. मास्तरांना शोधायला गेले तर ते बायकोसह सासुरवाडीला डोंगरात गेलेले. ती दुकान उघडायची, पण कॉम्प्युटरवर तिने शाल टाकून ठेवली होती. फक्त झेरॉक्स काढून द्यायची, तेही मान फिरवून.

"काही खा," मी म्हणायची.

"घास उतरत नाही."

"तो चहाच्या टपरीत पत्ते खेळत बसला असेल गं तुझा पोरगा."

"तुझ्या तोंडात साखर पडो," ती म्हणायची, आणि फोन लावायची. बंद.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते आले.

मी तंदूर पेटवत होते. रस्त्याच्या टोकाकडून तीन म्हातारे येताना दिसले. केसाळ टोप्या, लांब कोट, हातात काठ्या, एकामागे एक. पुढे होते शार्शेनाली आजोबा, तोक्तोच्या माहेरच्या गावचे सर्वांत वडील. मागच्या दोघांपैकी एकाच्या हातात कापडात बांधलेलं बोचकं होतं. माझ्या हातातली काडी तशीच राहिली.

आमच्याकडे मरणाची बातमी कुणी तोंडावर सांगत नाही. आणि फोनवर तर नाहीच. जाणती माणसं गोळा होऊन येतात. बसतात. चहा घेत नाहीत. हवापाण्याचं बोलतात, मग आडवळणाने म्हणतात, ससाणा उडून गेला, लगाम तुटला, आणि ऐकणाऱ्याने काय ते समजायचं. कुणाच्या दारात तीन म्हातारे एकदम उभे राहिले की शेजारच्या बायका आपोआप डोक्यावरचा रुमाल घट्ट करतात. मी केला.

ते तिच्या दाराशी थांबले. एकमेकांकडे बघू लागले. पहिलं आत कोण जाणार हे काही ठरेना. शेवटी शार्शेनाली आजोबांनी दार ढकललं, आणि मी त्यांच्या मागून घुसले.

तोक्तो उभी राहिली. तिने स्टूल पुढे केलं.

"बस मुली, तू बस," आजोबा म्हणाले.

बस म्हणाले! ज्याचं माणूस गेलंय त्यालाच आधी बसवतात.

"चहा..." तोक्तो म्हणाली.

"नको, नको. चहा नको." तिघेही एकदम बोलले.

ठेंगणा म्हातारा टोपी काढून मांडीवर फिरवत बसला. बोचकेवाल्याने बोचकं पायाशी ठेवलं, मग उचललं, मग परत ठेवलं. तोक्तोची नजर त्या बोचक्यावरून हलेना. मला माहीत होतं ती काय बघतेय. पोराचे परत आलेले कपडे बघत होती.

"थंडी आहे अजून," आजोबा म्हणाले.

"आहे," तोक्तो म्हणाली.

"तिकडे माळावर तर फार आहे म्हणतात."

"हो."

"हं." आजोबांनी दाढीवरून हात फिरवला. "मुली, कसं सांगावं कळत नाही. म्हणजे माणसाला जड जातं असं काही बोलायला. तू आमच्या गावची लेक. तुझ्याकडे असं येणं..."

तोक्तो खाली बसली. बसली म्हणजे पाय मोडल्यासारखी जमिनीवरच. आणि मग, आयुष्यात कधी कुणाला उलटून न बोललेली बाई, ती वडीलधाऱ्यांवर ओरडली, "सरळ सांगा! लगाम नको, ससाणा नको! माझा बेकतूर गेला का? सरळ सांगा!"

म्हाताऱ्यांची तोंडं उघडीच राहिली.

"कोण गेला?" ठेंगणा म्हणाला.

"बेकतूर कुठे गेला?" बोचकेवाल्याने आजोबांना विचारलं. त्याला कमी ऐकू येतं.

"तौबा, तौबा," आजोबा म्हणाले. "अगं, आम्ही त्या फुकटच्या प्रोग्रामसाठी आलो."

मला काय करावं कळेना. रडू आलं, हसू आलं, आणि सगळ्यांत आधी राग आला. "आजोबा," मी म्हटलं, "तीन टोप्या घालून, रांग लावून, तोंडं पाडून येतात का असं? चहासुद्धा नको म्हणता!"

"फुकट मागायला आलो, वर चहा कसा प्यायचा?" आजोबा खरेच शरमले होते. हकीगत अशी होती, की गावच्या पंचायतीत ह्या तिघांकडे एक जुना कॉम्प्युटर आहे, त्यावर ते भांडणाचे निवाडे छापतात. तोही चोरीच्याच चकतीवरचा. तपासणीची आवई तिथवर पोचली होती. निवाडे देणाऱ्यांकडेच चोरीचा माल, गाव काय म्हणेल? कुणीतरी सांगितलं की तोक्तोकडे फुकटचं आहे आणि ते वाटता येतं. पण रिकाम्या हाताने यायचं कसं, म्हणून बोचक्यात मेंढीच्या पोटाच्या पिशवीत भरलेलं लोणी आणलं होतं. बोचकं उघडलं तसा दुकानात लोण्याचा वास सुटला. तोक्तोने तिथेच जमिनीवर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि खांदे हलायला लागले.

मग मी काय ते सांगितलं. सगळं, काळ्या कागदापासून. पिठाच्या डब्यामागून तो आणून दाखवला. दोघे म्हातारे मागे सरकले. शार्शेनाली आजोबांनी मात्र तो हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला, नाकाशी नेला.

"हा नव्हे," ते म्हणाले.

"काय नव्हे?"

"काळा कागद. माझ्या बापाचा आला तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. आईने पेटीत तळाशी ठेवला होता, ती गेली तेव्हा मी काढून पाहिला." त्यांनी कागद परत माझ्या हातात दिला. "तो पांढराच होता, मुली. हाताएवढा. शाई निळी. वाचता येणाऱ्याला वाचूनच कळायचं. आम्हीच त्याला काळा म्हणायचो."

इतकी वर्षं आम्ही ज्याला घाबरलो तो रंगच खोटा निघाला. मला वाटलं तोक्तोला धीर येईल. तिने तोंडावरचे हात काढले आणि कपाटाकडे बघितलं. तिथे कोऱ्या कागदांचे गठ्ठे रचलेले होते, वरपर्यंत, पांढरे. म्हणजे आता पांढऱ्याचंही भय.

दुपारी मास्तर परतले, त्यांना मी रस्त्यातूनच ओढून आणलं. त्यांनी काळं पान पाहिलं, पडद्यावरचं तिकीट पाहिलं आणि चटकन म्हणाले, "अहो, हा मागचा फिकट शिक्का! तो आरपार दिसणारा असतो. तुमच्या जुन्या प्रिंटरला आरपार कळत नाही, प्रोग्राम त्याला नीट सांगत नाही, मग तो सगळंच भरून टाकतो." त्यांनी छापायची चौकट उघडली, 'पान चित्र म्हणून छापा' असं होतं तिथे एक खूण केली आणि बटण दाबलं. तिकीट बाहेर आलं. पांढरं, नाव, तारीख, बसचा नंबर.

"ही चूक खरंच चूक आहे," मास्तर खुशीत म्हणाले. "मी कळवतो. बघा एजे, तुमची परतफेड झाली."

तोक्तो तिकिटाला हात लावीना. "कागद आला," ती म्हणाली. "पोरगा?"

मास्तरांचा चेहराच पडला. त्याची खूण कुठल्या चौकटीत करायची हे त्यांना कुठून माहीत असणार?

पोराचा फोन संध्याकाळी आला, मी शेगडी विझवत असताना. कोर्दायच्या सरहद्दीवरच्या नाक्यावरून, दुसऱ्याच कुणाच्या फोनवरून. बस वादळात अडकली होती, रस्त्यालगतच्या एका खाणावळीत सगळे प्रवासी जमिनीवर झोपून राहिले होते, फोन कधीच मेला होता. पत्र्यातून मला त्याचा आवाज येत नव्हता, तिचाच येत होता.

"हो... हो रे... नाही, रडत नाही मी... छापलं... कसं आलं? काळं आलं."

मग ती हसायला लागली, आणि मला ते हसू ऐकवेना. मी तंदुरापाशी जाऊन बसले.

बेकतूर आला. वाळला होता, एक नख काळं पडलं होतं, पण आला. म्हाताऱ्यांचा प्रोग्राम त्यानेच गावात जाऊन बसवून दिला आणि त्या लोण्यातलं निम्मं एका बैठकीत खाल्लं. तोक्तोने काळा कागद माझ्याकडून मागून नेला आणि दुकानाच्या दाराला आतून लावला. पांढरं तिकीट कुठे ठेवलं ते मी विचारलं नाही. उन्हाळा लागता लागता तो पुन्हा निघाला, कारण इथे त्याला काम कोण देणार? जातानाचं तिकीट तोक्तोनेच छापलं, खूण करून, स्वच्छ. बटण दाबताना तिने डोळे मिटले, आणि ह्या वेळी कागद बाहेर पडून थंड झाला तरी उघडले नाहीत.

तो गेल्यावर आठवड्याने मास्तर आले. स्वारी खूश. "एजे, तुमची चूक त्या लोकांनी दुरुस्त केली! नवीन आवृत्ती आलीय. आता काळं पान कधीच येणार नाही. पाच मिनिटांत टाकतो."

तोक्तो कॉम्प्युटर आणि मास्तर यांच्या मध्ये येऊन उभी राहिली. ही बाई, जी दार वाजलं तरी दचकते.

"कधीच नाही?" तिने विचारलं.

"कधीच नाही."

"मग आत्ता नको. त्याचं परतीचं तिकीट यायचंय अजून. ते एकदा काळं छापते, मग टाका."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. एरवी अशा वेळी मी गप्प बसत नाही. मी म्हटलं, "मास्तर, चहा घ्या."

रांगेतल्या सगळ्यांकडे आता तोच प्रोग्राम आहे, तिनेच दिलेला, आणि सगळ्यांकडे नवा आहे. फक्त तिच्याकडे जुना, चुकीसकट. बाहेर पुन्हा बर्फ पडायला लागलंय. पत्र्यापलीकडे प्रिंटर घरघरला की मी हातातलं पीठ तसंच ठेवून ऐकते. दाखले निघतात, पासपोर्ट निघतात, दुसऱ्यांच्या पोरांची तिकिटं निघतात. अजून सगळे कागद पांढरेच येतायत.